बेसबॉल: कोरिया सलग तिसऱ्यांदा पहिल्याच फेरीत गारद

सुवॉनकर (१३ मार्च २०२३, रात्री)

ऑस्कर आणि अहमदाबाद कसोटीच्या धाग्यांवर तुफान गर्दी आहे, त्यात हा बेसबॉलचा धागा कोण उघडणार माहीत नाही. पण आज आमच्या ऑफिसात अक्षरशः सुतक होतं, म्हणून लिहितोय.

वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही बेसबॉलची विश्वचषकासारखी स्पर्धा सध्या चालू आहे. कोरियाचा गट टोकियो डोममध्ये. जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, चेकिया, चीन, यातले पहिले दोन पुढे जाणार. जपान पहिला येणार हे सगळ्यांनी धरलेलं. दुसरा कोरिया, हेही धरलेलंच. आणि कोरिया ९ तारखेला पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ८-७ हरला. दुसऱ्या दिवशी जपानने १३-४ असं धुतलं. मग चेकियाला ७-३ हरवलं, पण आज दुपारी ऑस्ट्रेलियाने चेकियावर ८-३ असा विजय मिळवला आणि हिशेबच संपला. संध्याकाळी चीनविरुद्ध खेळायला उतरले तेव्हा बाहेर पडलोय हे खेळाडूंना माहीत होतं. तो सामना कोरियाने २२-२ असा जिंकला! मर्सी नियमाने (आघाडी फारच मोठी झाली की खेळ थांबवतात) पाच डावांतच संपला.

२०१३, २०१७ आणि आता २०२३. हाच देश २००६ मध्ये उपांत्य फेरीत होता, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नऊपैकी नऊ सामने जिंकून सुवर्ण घेऊन आला, २००९ मध्ये याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जपानशी दहाव्या डावापर्यंत लढला.

मी राहतो सुवॉनला. कोरियन लीगमधला इथला संघ केटी विझ. राष्ट्रीय संघाचा मॅनेजर ली कांग-चोल हा विझचाच मॅनेजर, आणि ज्याच्या नावाने सगळा देश बोटं मोडतोय तो कांग बेक-होही विझचाच. तर प्रश्न असा: त्याच्या एका चुकीने कोरिया गेला, की आधीच गेलेला होता?

फुलटॉस

पहिला!

काय चूक केली त्याने? जरा सविस्तर येऊ द्या. नुसतं तोंडाला पाणी आणू नका.

सुवॉनकर

सांगतो. सातवा डाव, ऑस्ट्रेलिया ५-४ ने पुढे. कांग बदली बॅटर म्हणून आला आणि त्याने डाव्या मध्यावरच्या भिंतीपर्यंत चेंडू मारला. धावत दुसऱ्या बेसवर पोचला, सुखरूप. तिथे उभा राहून आपल्या डगआउटकडे (संघाच्या बसायच्या जागेकडे) बघत दोन्ही हात वर करून ओरडला. त्या जोशात त्याचा पाय बेसवरून उचलला गेला. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेंडिनिंगच्या हातात चेंडू होताच. त्याने शांतपणे ग्लव्ह कांगच्या अंगाला लावला. पंचाने आधी नाबाद दिलं, ऑस्ट्रेलियाने रिप्ले मागितला. रिप्लेत बूट आणि बेस यांच्यात फट दिसतेय. पाय बेसवर नसताना चेंडू असलेला ग्लव्ह लागला की बाद.

आणि पुढच्याच बॅटरने, यांग उई-जीने, सरळ सिंगल मारला! कांग दुसऱ्या बेसवर असता तर बरोबरी होण्याची पुरेपूर संधी होती.

फुलटॉस

अरेरे!! ही तर थेट हरमनप्रीत. अजून महिना नाही झाला. टी-२० विश्वचषकाची उपांत्य फेरी, ५२ वर खेळत होती, दुसरी धाव आरामात पूर्ण होत होती आणि बॅट जमिनीत रुतली. समोर पुन्हा ऑस्ट्रेलियाच. पाच धावांनी गेला तो सामना. मी दोन दिवस जेवलो नव्हतो नीट.

शुभदा_कु

@फुलटॉस, हरमनप्रीतची बॅट अडकली, ते दुर्दैव. हा बाबा नाचत होता. फरक आहे.

कट्ट्यावरचे_काका

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण प्रतिसाद वाचायला मजा येतेय. एक शंका: पहिला सामना एका धावेने हरला तर एवढं काय? पुढचे जिंकायचे की.

सुवॉनकर

काका, गटात चारच सामने आणि त्यातला एक जपानशी. म्हणजे ऑस्ट्रेलियाशी हरलात तर नंतर दुसऱ्यांच्या निकालाकडे डोळे लावून बसायचं. आपण २००७ ला वेस्ट इंडिजमध्ये बसलो होतो तसं.

लेगब्रेक

२००७ शी साम्य जबरदस्त आहे खरं. बांगलादेशाकडून पहिला सामना हरलो, मग बर्म्युडाविरुद्ध ४१३ ठोकल्या, मग लंकेने घरी पाठवलं. ते ४१३ आणि हे २२-२ एकाच माळेचे मणी. पेपरात छान दिसतात.

पण मूळ प्रश्नावर माझं मत: पाय उचलला नसता तरी कोरिया कधी ना कधी अडकणारच होता. त्या सामन्याचे आकडे नीट बघा. ऑस्ट्रेलियाच्या आठपैकी सहा धावा दोन फटक्यांत आल्या. सातव्या डावात ग्लेंडिनिंगचा तीन धावांचा होमर (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट कुंपणापलीकडे), आठव्यात पर्किन्सचा तीन धावांचा होमर. ग्लेंडिनिंगच्या फटक्याआधी कोरिया ४-२ ने पुढे होता. म्हणजे सामना पिचर लोकांनी घालवला. शिव्या मात्र बॅटरला, कारण त्याचा व्हिडिओ मजेशीर आहे.

एडिसनचे_आबा

लेगब्रेक यांना +१. गेली अनेक वर्षं न्यू जर्सीत मेट्सचे (न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ) सामने बघतोय, म्हणून दोन शब्द.

कोरिया-जपान सामना मी पहाटे उठून पाहिला. तिसऱ्या डावात कोरियाने जपानचा पिचर दार्विश याला चक्क फोडला. यांग उई-जीचा होमर, मग ली जंग-हूची सिंगल, ३-०. त्यांच्या बाजूने पिचर किम ग्वांग-ह्यून. हा कोण? २००८ च्या ऑलिंपिक उपांत्य सामन्यात ज्याने जपानला हरवलं तोच. तेव्हा वीस वर्षांचा पोरगा होता, आज चौतीस. पहिले दोन डाव त्याने जुन्या आठवणी जाग्या केल्या. तिसऱ्यात दम संपला. जपानच्या तळाच्या दोन बॅटरना वॉक दिले (चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्याबाहेर, पडले की बॅटरला पहिला बेस फुकट)! तळाच्या! त्यानंतर नूटबार, कोंडो, योशिदा यांनी जे व्हायचं ते केलं. ओहतानीला तर मुद्दामच वॉक दिला होता. ४-३. त्यानंतर कोरियाकडून एकामागून एक पिचर येत गेले आणि चेंडू स्ट्राइक झोनमध्ये पडेचना.

माझा सवाल एवढाच. पंधरा वर्षांनंतरही जपानसमोर उभा करायला तोच माणूस का लागतो? जपानकडे या वेळी दार्विश, ओहतानी, सासाकी, यामामोतो. सासाकी एकवीस वर्षांचा आहे आणि १६० किमीच्या वर टाकतो. मधल्या काळात कोरियात एकही नवा पिचर तयार झाला नाही का?

सुवॉनकर

आबा, एक झाला आहे. आन ऊ-जिन. गेल्या मोसमात २२४ स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं), लीगमधला सर्वोत्तम. पण तो संघात नाही, कारण शाळेत असताना कनिष्ठ खेळाडूंना मारहाण केल्याचं प्रकरण. त्यासाठी त्याच्या क्लबने २०१८ मध्ये त्याला ५० सामने बाहेर ठेवलं होतं. या स्पर्धेत तांत्रिकदृष्ट्या घेता आलं असतं, निवड समितीने घेतलं नाही. जानेवारीत चू शिन-सू या कोरियाच्या दिग्गज बॅटरने रेडिओवर त्याची बाजू घेतली तर लोकांनी चूलाच फाडून खाल्लं.

आमच्या ऑफिसच्या टीममधला एक जण (विझचा कट्टर समर्थक, डेस्कवर संघाची टोपी) म्हणाला, "आन ऊ-जिनला घेऊन जिंकण्यापेक्षा हरलेलं बरं." दुसरा लगेच म्हणाला, "तुझं ठीक आहे, तू फुटबॉलही बघतोस."

शुभदा_कु

त्या पहिल्या सहकाऱ्याला माझा नमस्कार सांगा. शाळेतली दादागिरी हा कोरियात फार दुखरा विषय आहे आणि तो तसाच राहू दे.

मी तीन वर्षं दैगूला होते, नवऱ्याच्या पोस्टडॉकमुळे. बेसबॉल आवडत नसतानाही मैदानावर जायचे, कारण मैदानावर बेसबॉल हा दुय्यम असतो. प्रत्येक बॅटरचं स्वतःचं गाणं, समोर स्टेजवर एक माणूस शिट्टी वाजवत सगळ्यांना उठवतोय बसवतोय, मांडीवर तळलेल्या चिकनचा खोका, हातात बिअर. संघ नऊ धावांनी मागे असला तरी गाणं थांबत नाही. शेजारच्या आजींनी मला पूर्ण गाणं हातवाऱ्यांसकट शिकवलं होतं.

म्हणून मला हा "राष्ट्रीय अध:पात" वगैरे सूर पटत नाही. लीग भरभरून चालते, लोक मजेत आहेत. चार वर्षांतून एकदा (या वेळी कोविडमुळे सहा वर्षांनी) चार सामन्यांवरून एका देशाचा खेळ मोजायचा? त्यातला एक एका धावेने गेलेला?

लेगब्रेक

@शुभदा_कु, एकदा झालं असतं तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. २०१३ मध्ये नेदरलँड्सकडून ५-०. २०१७ मध्ये घरच्या मैदानावर, सोलच्या गोचोक डोममध्ये, इस्राएलकडून दहाव्या डावात २-१ आणि पुन्हा नेदरलँड्सकडून ५-०. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सहा संघांत चौथे, कांस्यपदकाचा सामना डॉमिनिकनांकडून १०-६ हरले. याला अपघात म्हणायचं तर रोज त्याच वळणावर होणारा अपघात.

आणि लीग भरभरून चालते हाच मुद्दा आहे! लीगमध्ये दहा संघ, प्रत्येकाला तीन परदेशी खेळाडू. जवळजवळ सगळे क्लब त्यातले दोन पिचर घेतात. म्हणजे पाच मुख्य पिचरमधल्या पहिल्या दोन जागा अमेरिकेतून किंवा लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांकडे. मोठ्या सामन्याचं दडपण ते घेतात. देशी पोरगा तिसऱ्या-चौथ्या नंबरवर.

त्यात मुळात पोरंच कमी. जपानमध्ये उन्हाळी कोशिएनच्या (शाळांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा) पात्रता फेऱ्यांत साडेतीन हजारांच्या आसपास शाळा उतरतात. कोरियात शाळांचे संघ शंभराच्या आसपास. त्या शंभरांतून जपानला पंधरा वर्षांपूर्वी हरवत होते हेच नवल.

एडिसनचे_आबा

लाकडी बॅटचंही सांगा. कोरियाने २००४ मध्ये शाळेतल्या मुलांच्या हातात लाकडी बॅट दिल्या. जपानी मुलं अजून धातूच्या बॅटने खेळतात. कोरियातल्या काही प्रशिक्षकांचं म्हणणं असं की लाकडी बॅटमुळे मुलं जोरात फटका मारायला घाबरतात, नुसता चेंडू ढकलतात. मग पिचरलाही वेगाची गरज पडत नाही, कोपरा पकडला की झालं. दोघंही मवाळ.

लेगब्रेक

ते मला अर्धवट पटतं. पण सगळं खापर बॅटरवरच फोडायचं तर या स्पर्धेत यांग उई-जीने ऑस्ट्रेलिया आणि जपान दोघांनाही होमर मारले, किम हा-सोंगने चेकियाला दोन मारले. धावा कमी पडल्या नाहीत. सात धावा करून सामना हरलेत.

निवांत_पाटील

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

घाटावरचा_भट्या

कोणी सैन्याचा मुद्दा काढला नाही अजून? कोरियात प्रत्येक तरुणाला दीड वर्षाच्या आसपास सक्तीची लष्करी सेवा असते. ऑलिंपिकचं कुठलंही पदक किंवा एशियाडचं सुवर्ण मिळालं की सूट. २००६ ला या बेसबॉल स्पर्धेत उपांत्य फेरी गाठल्यावर सरकारने खास बाब म्हणून सूट दिली होती. नंतर ती वाट बंद केली. २००९ ला अंतिम फेरी गाठूनही काही मिळालं नाही.

आता तुम्हीच सांगा, ऐन विशीत दीड वर्ष वाचणार असेल तर माणूस दुसऱ्या बेसला चिकटून बसेल की नाही? फेविकॉल लावून.

फुलटॉस

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

सुवॉनकर

@घाटावरचा_भट्या, लोक इथेही हेच कुजबुजतात. पण जपान-कोरिया सामन्यात कोरियन खेळाडूला वेगळ्या आमिषाची गरज असते असं वाटत नाही.

बाकी कांगवर एवढा राग असण्याला जुनं कारण आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये संघ हरत असताना तो डगआउटच्या कठड्याला टेकून च्युइंगगम चघळताना कॅमेऱ्यात दिसला होता. समालोचन करणाऱ्या पार्क चान-हो या जुन्या नामवंत पिचरने तिथल्या तिथे सुनावलं होतं. एकदा छाप पडली की पडली. धोनीच्या रांचीतल्या बांधकाम चालू असलेल्या घराची २००७ मध्ये लोकांनी काय गत केली आठवतंय ना? इथे दगड नाही पडत, कॉमेंट पडतात.

चिंचगुळ

अवांतर आहे पण लिहितेच. या गटात मला चेकियाने जिंकलं. संघातले बहुतेक जण पोटासाठी दुसरी कामं करतात. मॅनेजर न्यूरोलॉजिस्ट! साटोरिया नावाचा पिचर इलेक्ट्रिशियन आहे आणि त्याने ओहतानीला स्ट्राइकआउट केलं, संथ चेंडूवर. त्याच सामन्यात सासाकीचा चेंडू त्यांच्या एका खेळाडूच्या गुडघ्यावर बसला, तर नंतर सासाकी त्यांच्या हॉटेलवर खाऊच्या पिशव्या भरून घेऊन गेला. आणि तो दिवस ११ मार्च. २०११ च्या त्सुनामीत सासाकीचे वडील गेले तो दिवस.

शुभदा_कु

@चिंचगुळ, अगं असलं काही लिहीत जा ना जास्त. इथे सगळे ऑडिटला बसल्यासारखे बसलेत.

विदर्भाचा_वाघ

राजेहो, मी अमरावतीले बीपीएड करताना बेसबॉल खेळलो हाये, विद्यापीठाच्या टीममध्ये. तिसरा बेस सांभाळाचो. म्हणून त्या कांगच्या पायाबद्दल सांगतो.

आमच्या सरांचा एक नियम होता. बेसवर पोचल्यावर पह्यले चेंडू कुठं हाये ते पाहाचं, मंग पंचाकडं हात करून टाइम मागाचा, टाइम भेटला की मंगच कपडे झटकाचे. नाही पाळलं तर मैदानाले चकरा. हे पह्यल्या आठवड्यात शिकवतात. अन् दुसरी गोष्ट कोणी बोललंच नाही. त्या ऑस्ट्रेलियावाल्याचं कौतुक करा ना! सारं स्टेडियम ओरडून राह्यलं, धाव वाचवाचं टेन्शन, अन् हा गडी ग्लव्ह लावूनच उभा हाये, समोरच्याचा पाय पाहत. शंभरात नव्वद जण चेंडू पिचरकडे फेकून मोकळे होतात.

त्याले ऑस्ट्रेलियात कोणी कोपऱ्यात बसवून शिकवलं असंल. कोरियाची चूक म्हणता, ऑस्ट्रेलियाची तयारी म्हणा.

लेगब्रेक

वा! या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. हे डोक्यातच आलं नव्हतं.

एडिसनचे_आबा (१६ मार्च, सकाळी)

कोरियावाल्यांनो, डोळे पुसा. तुमच्या सोबतीला आता डॉमिनिकन रिपब्लिक आला आहे. सोतो, मचाडो, डेव्हर्स, हुलिओ रोड्रिगेझ, पिचर अल्कान्तारा. कागदावर यापेक्षा भारी संघ अमेरिकेचाही नसेल. व्हेनेझुएलाकडून ५-१, काल पोर्तो रिकोकडून ५-२, गटातच बाहेर. २०१३ ला आठपैकी आठ जिंकणारा देश!

आणि माझं दुःख निराळंच. पोर्तो रिकोचा शेवटचा पिचर एडविन डियाझ आमच्या मेट्सचा. त्याने शेवटचा बॅटर बाद केला, सगळे मिठ्या मारून उड्या मारायला लागले आणि त्या उड्यांत याचा गुडघा गेला. व्हीलचेअरवर नेला. बायको म्हणाली, चहा घ्या. मी म्हटलं, राहू दे.

घाटावरचा_भट्या

थोडक्यात या स्पर्धेत आनंद साजरा करणं हाच सर्वात धोकादायक प्रकार आहे.

चिंचगुळ

आबा, गुडघ्याचं वाईट वाटलं हो.

कोणी तैवानचं पाहिलंत का? त्यांचा गट त्यांच्याच घरी, ताइचुंगला. पाचही संघांचे दोन विजय, दोन पराभव! पाचही! मग कोणी किती धावा दिल्या त्याला किती बाद केले त्याने भागायचं असा काहीतरी हिशेब लावून क्यूबा आणि इटली पुढे गेले. तैवान शेवटचा, म्हणजे पुढच्या वेळी पात्रता फेरी खेळायची. क्यूबाइतकेच सामने जिंकून!

कट्ट्यावरचे_काका

हे मला कळलं. आमच्या सोसायटीची निवडणूक.

शुभदा_कु (२२ मार्च)

फायनल पाहिली का कोणी? जपान ३, अमेरिका २. शेवटचा बॅटर ट्राउट, पिचर ओहतानी, एरवी दोघं एकाच क्लबचे. स्ट्राइकआउट. मला बेसबॉल आवडत नाही असं मी वर लिहिलंय, तरी उभी राहून पाहिली.

@सुवॉनकर, तिकडे काय मूड?

सुवॉनकर

मूड विचारू नका. जपान जिंकल्याचं दुःख, आणि आपण त्यांच्या आसपासही नाही याचं त्याहून जास्त. मॅनेजरने मायदेशी परतल्यावर माफी मागितली होतीच. वर्तमानपत्रांत रोज एक नवीन उपाय: परदेशी पिचर कमी करा, शाळेत धातूच्या बॅट परत आणा, स्ट्राइक झोन बदला. विदर्भाचा वाघ यांचा मुद्दा मी माझ्या मोडक्या कोरियनमध्ये ऑफिसातल्या त्या टोपीवाल्याला सांगितला. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ते आमच्याकडेही पहिल्याच आठवड्यात शिकवतात."

माझं स्वतःचं मत आता लेगब्रेककडे झुकलंय. पाय उचलला नसता तर कदाचित क्वार्टर फायनल दिसली असती. तिथे ऑस्ट्रेलियाच्या जागी आपण क्यूबाशी हरलो असतो, आणि सगळे म्हणाले असते, चला, ठीक चाललंय.

लेगब्रेक

ऑस्ट्रेलिया क्यूबाशी ४-३ हरला, तेव्हा आपण जिंकलोही असतो. मी एवढा निराश नाहीये हो. :)

सुवॉनकर

जाता जाता, १ एप्रिलला लीग सुरू होतेय. सुवॉनला या मोसमात कोणी मराठी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिकिटं मी काढतो. कांग बेटिंगला आल्यावर लोक त्याचं गाणं म्हणतात का गप्प बसतात, ते बघायचंय.

निवांत_पाटील

चिकन कोण देणार ते आधी ठरवा.